याडीचा पुतळा

४ डिसेंबर २००३, वारंगा फाटा

आज कामावर लागलो. जागा लई आवडली. चौकात सारखी वर्दळ, भज्याचा वास, एक ट्रक नांदेडकडं वळला की दुसरा हिंगोलीकडून येऊन उभाच. मला असंच ठिकाण लागतं. माझ्या पायाला भिंगरी हाये असं याडी म्हणायची. आमच्या बोलीत मायला याडी म्हणतात. हैदराबादला हॉटेलात होतो, सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, मधी ऊसतोडीला. कुठंच वर्ष काढलं न्हाई. आता अख्खा जिल्हा ओलांडून इकडं. तांडा राहिला तिकडं गोरेगावच्या अंगाला.

काम पुतळ्याचं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं लांब शेड, पुढं तारेचं कुंपण, अन् कुंपणाच्या आत माणसंच माणसं उभी. धोतरवाले, कोटवाले, नऊवारीतल्या बाया. सगळे सिमेंटचे. जीपमधून बघितलं तर वाटतं गाडीची वाट बघत थांबलेत. मालक दगडोबा मिस्तरी, मूळ हट्ट्याचे. मेलेल्या माणसाचा फोटो आणा, ते पुतळा करून देतात. सध्या बांधावर माय-बापाचे पुतळे बसवायची टूमच निघालीय, त्यामुळं काम तुटत न्हाई.

मिस्तरीनं नाव विचारलं. पेमा सांगितलं. म्हणाले गिऱ्हाईकासमोर हे बराबर वाटत न्हाई, शाळेतलं काय हाये ते सांग. शाळेत मास्तरनं विकास लावलं होतं. मंग मी इथं विकास. आपलं काय जातंय.

मालकीणबाई शालूबाई. भाकर अन् अंबाडीची भाजी वाढली, म्हणाल्या पोटभर खा लेकरा, मागचं पोरगं लाजून लाजून अर्धपोटी पळालं. पुन्हा म्हणाल्या तू तर मायच्या तोंडाचा दिसतोस. मी विचारलं तुमाला काय माहीत. म्हणाल्या बापय माणूस असं तोंड वाकडं करून हसत न्हाई, हे बाईचं हसणं हाये. मला लई हसू आलं.

९ डिसेंबर

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली. सातवी नापास माणसानं काय लिहावं. पण आधी घरी गेलो की सगळं याडीला सांगायचो, कुठं काय खाल्लं, कोण कसं बोललं. ती चुलीपाशी बसून ऐकायची. दसऱ्याच्या आधी याडी गेली. हैदराबादला निरोप पोचून मी तांड्यावर येईस्तोवर राख सावडूनही झाली होती. आता सांगायला कोणी न्हाई म्हणून लिहून राहिलो.

याडीचं नाव जिवनबाई. हनुवटीवर तीन टिपके गोंदलेले. गालापाशी चांदीच्या घुगऱ्या लोंबायच्या, ती चालली की वाजायच्या. अंगात भिंगं लावलेली कांचळी, म्हणजे आमच्याकडची चोळी, कोपराच्या वरपर्यंत पांढरा चुडा. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, अन् हसली की तोंड डाव्या अंगाला ओढलं जायचं. तो दात अन् ते हसणं मला आलंय. गोरेगावच्या बाजारात अनोळखी माणूसही म्हणायचा, जिवनबाईचं पोरगं न्हाई का तू. तिचा फोटो एकच हाये, तो मोठ्या भावाकडं. माझ्याकडं माझं तोंड हाये.

इथलं काम मला जमलं. माती मळायची, सिमेंट चाळायचं, पुतळ्याला पाणी मारायचं, पॉलिश पेपरनं घासायचं. धडं तयारच असतात. नवल वाटलं ते तोंडाचं. बापयाच्या तोंडाचा एक साचा, बाईच्या तोंडाचा एक. साच्यातून मातीचं तोंड काढायचं, मंग फोटो बघून थोडी माती इकडं लावायची, थोडी तिकडून काढायची. मिस्तरी म्हणतात माणसात फरक असतो तो एवढाच, ओंजळभर मातीचा.

१३ डिसेंबर

आज पहिली ओळख बघितली. पुतळ्याची माती ओली असते तेव्हा घरच्यांना बोलावतात. ते सांगतील तसं मिस्तरी करतात. सगळ्यांनी बराबर म्हटलं की थोरल्यानं फोटो मिस्तरीच्या हातात द्यायचा. ओतकाम करताना तो फोटो पुतळ्याच्या छातीत घालून बुजवतात. मिस्तरीच्या उस्तादाची रीत. एका माणसाची दोन तोंडं जगात ठेवायची न्हाईत म्हणे, पुतळा तडकतो. लोकं खुशीनं देतात. एवढी उभी माय मिळाल्यावर कागद कोणाला पाहिजे.

हट्ट्याची माणसं होती. पुतळा त्यांच्या मेलेल्या म्हातारीचा, मंजुळाबाईचा. आलेले तिचा पोरगा रामप्रसाद, पोरगी निता, दोन सुना. म्हातारीचं नाक राघूसारखं वाकलेलं. निताचं तसंच, उतरवून घेतल्यासारखं. रामप्रसाद म्हणाला नाक सरळ करा, हार घालायला लोकं येतील, त्यांना आधी नाक दिसावं का आधी माय दिसावी. निता म्हणाली मला ह्या नाकावरून चिडवून चिडवून पोट भरलं न्हाई व्हय तुमचं, आता मेलेल्या मायलाही सोडत न्हाई. सगळे हसले. धाकटी सून म्हणाली वन्सं, तुमचंही सांगून ठेवा आत्ताच. मिस्तरीनं तारेनं एका दमात नाक सरळ केलं. रामप्रसाद बघत राहिला अन् म्हणाला ही खरी आमची माय.

११ जानेवारी २००४

हट्ट्याला जाऊन आलो. मंजुळाबाईच्या पुतळ्याचा रंग उडाला होता, मिस्तरीनं ब्रश देऊन पाठवलं. पुतळा बांधावर बसवलाय, पुढं तुळस.

चहा घेऊन निता आली. मी आधी ओळखलीच न्हाई. आवाजावरून ओळखली. नाक सरळ. साच्यातलं नाक. टाके न्हाईत, वण न्हाई, जन्मापासून तसंच असावं असं. मी म्हटलं ताई, नाकाचं काय केलं. ती म्हणाली काय केलं म्हणजे. रामप्रसाद ओसरीवरून म्हणाला विकासराव, आमच्या घराण्यात नाक सगळ्यांचं असंच, मायवर गेलंय. कोणी हसलं न्हाई. ती धाकटी सूनही न्हाई.

जीपमधी बसल्यावर वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असंल. उन्हानं होतं असं.

१५ जानेवारी

संक्रांत कालच झाली. आज शालूबाईंनी तिळाचा लाडू दिला अन् शेडच्या मागं घेऊन गेल्या. तिथं लिंबाखाली एका पोरीचा पुतळा हाये, फ्रॉकमधली. मी गिऱ्हाईकाचा समजत होतो. त्यांची पोरगी, प्रतिक्षा. तापात गेली. मिस्तरीनं स्वतः केला.

शालूबाईंनी मला विचारलं, हिच्या तोंडात काय होतं रे. मी म्हटलं मी कुठं बघितलं काकू. त्या म्हणाल्या मला माहीत हाये तू न्हाई बघितलं, पण मी सगळ्यांनाच विचारते. म्हणाल्या हिला मी अंगावर पाजलं न्हाई, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध घातलं, हे माझ्या हाताला आठवतं. पण काहून तसं पाजलं ते आठवत न्हाई. तोंड आठवायला गेलं की हाच पुतळा पुढं येतो, अन् ह्याचे ओठ तर चांगलेच हायेत.

पुतळ्याच्या वरच्या ओठावरून त्या बोट फिरवत होत्या. बोट एका जागी थांबत होतं. तिथं काहीच न्हाई, गुळगुळीत.

मंग म्हणाल्या तुझ्या मायचा फोटो कोणाला देऊ नको.

२ फेब्रुवारी

आज भिया आला. भिया म्हणजे माझा मोठा भाऊ, धर्मसिंग. मी इथं हाये हे त्याला गोरेगावात कळलं. त्यानं तांडा सोडून रस्त्याला लागून स्लॅबचं घर बांधलंय. याडीचा पुतळा बसवायचा म्हणतो. मला आधी आनंदच झाला.

भियानं खिशातून याडीचा फोटो काढला. घुगऱ्या, चुडा, टिपके, सगळं. तोंड डाव्या अंगाला. फोटोवाल्यानं काय सांगून हसवलं होतं कोण जाणे.

भिया मिस्तरीला म्हणाला नऊवारी पाहिजे. अंबाडा, मोठं कुंकू, हनुवटी साफ. मी म्हटलं भिया, याडी जन्मात नऊवारी नेसली न्हाई. तुझ्या लग्नात तिला घेतली होती ती तिनं पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल म्हणून घातली, अख्खा तांडा बघत होता. भियालाही हसू आलं. म्हणाला, शितलला शाळेत तांडेवाली म्हणून चिडवतात. शितल त्याची पोरगी. म्हणाला, उद्या दारात पाव्हणे येतील, कोण-कुठले विचारतील. याडी गेली, तिला कसली तकलीफ. तकलीफ आपल्याला, हितं राहायचंय आपल्याला.

शितललाही हसणं याडीचंच आलंय. मी हट्ट्याच्या निताचं सांगितलं. भिया म्हणाला तू हैदराबादेत काय काय प्यायला लागलास.

मंग मी म्हटलं निदान चौकातल्या स्टुडिओत फोटोवरून फोटो काढून घेऊ. गेलो पळत विचारायला. लोडशेडिंग. स्टुडिओवाला म्हणाला सांजेला या. परत आलो तर भियानं ओळखीची वाट न बघताच फोटो मिस्तरीला देऊन टाकला होता, त्याची जीप भरत आली होती. मिस्तरीच्या खिशात हात घालायची माझी छाती झाली न्हाई. मोठ्या भावाचा शब्द.

मिस्तरी म्हणाले तोंड तूच लाव. तुझी माय हाये.

५ फेब्रुवारी

साच्यातून तोंड काढलं. नऊवारीच्या धडावर बसवलं. गाल उतरवले. तोंड डाव्या अंगाला ओढलं. मिटल्या ओठावर वरच्या दाताचा उंचवटा दिला. खिळ्यानं हनुवटीवर तीन टिपके दिले. भियाला काय सांगायचं ते बघू. नऊवारीत का असंना, याडी होती. मी तिला सुरतेच्या गोष्टी सांगत बसलो. ओलं पोतं टाकून जेवायला गेलो.

६ फेब्रुवारी

पोतं काढलं. तोंड सरळ. टिपके न्हाईत. मिस्तरी कालपासून हदगावला गेलेले, आत्ता दुपारी आले. शालूबाई शपथ घेऊन म्हणाल्या शेडमधी मांजरही शिरलं न्हाई.

पुन्हा केलं. आता मी इथून हलणार न्हाई.

७ फेब्रुवारी

बघत होतो मी. डोळ्यापुढं झालं. हात लागला न्हाई कोणाचा. माती आपली हळूहळू बसत गेली, भाकरीचं पीठ सैल पडतं तशी. आधी टिपके भरले. मंग ओठाचं टोक सरकत सरकत मधी आलं. दुपारचं ऊन, रस्त्यावर गाड्या, समोर चहावाला कोणाला तरी शिव्या देऊन राहिला, अन् माझ्यापुढं हे.

मिस्तरीला सांगितलं. ते बसले माझ्यापाशी. म्हणाले सगळ्यांचं असंच होतं. मी आता साच्याशी भांडत न्हाई. तू पण भांडू नको.

८ फेब्रुवारी

भिया ओळखीला आला. पुतळ्याच्या पाया पडला. रडला. म्हणाला ही खरी याडी.

१२ फेब्रुवारी

ओतकाम झालं. मिस्तरीनं फोटो प्लास्टिकमधी गुंडाळून छातीत घातला अन् थापी मारली. मी दारात उभा होतो. बोललो न्हाई. काहून न्हाई बोललो.

१६ फेब्रुवारी

जीभ सारखी वर जाते. लहानपणापासून माझी जीभ त्या चढलेल्या दातावर टेकून असते, झोपेतसुद्धा. आज टेकायला काही न्हाई. सरळ रांग.

चौकात कटिंगच्या दुकानात आरशापुढं बसलो. हसून बघितलं. न्हावी म्हणाला काय सेठ, फोटो काढायचा का, हिरोवानी हसून राहिलात. तोंड मधोमध उघडलं.

शालूबाईंपुढं हसून दाखवलं. त्यांनी भाकरीचा हात तोंडावर ठेवला.

२२ फेब्रुवारी

पुतळा गोरेगावला पोचवला. बांधावर बसवला. हार, नारळ, बुंदी. रस्त्यावरची माणसं थांबून नमस्कार करत होती. एक बाई म्हणाली किती सोज्वळ माय होती तुमची. भिया फुगला.

शितल धावत आली, काका काका करत. हसली.

सरळ.

मी बुंदी तशीच ठेवून निघालो.

१ मार्च

टिपके तीन होते का दोन. मागचं पान काढून बघितलं. तीन लिहिलंय. मला वाटतं दोन—

वाटतं का. खरं तर मला एकही दिसत न्हाई.

६ मार्च

चहावाल्यानं मला रामप्रसाद म्हणून हाक मारली. मंग म्हणाला माफ करा, तोंड तसंच वाटलं. आता फाट्यावर उतरणारी माणसं बघत बसतो. पुतळे नेलेली घरं ओळखता येतात. एकाच मायची लेकरं असावी तशी— हिंगोलीच्या गाडीतून, कळमनुरीच्या गाडीतून— सारखी उतरत राहतात.

११ मार्च

घुगऱ्यांचा आवाज कसा होता. चांदीचा. चांदीचा म्हणजे कसा. डोळे मिटले की याडी येते, चुलीपाशी बसते, मी बोलायला लागतो, ती वर बघते अन् ती— कुंकू मोठं. अंबाडा. चुलीपाशी कोणी पुतळ्यासारखं बसतं का.

१५ मार्च

शालूबाईंनी छन्नी अन् हातोडा दिला. म्हणाल्या जा, फोडून काढ. म्हणाल्या किती वर्षं ह्यांना म्हणते पोरीचा फोडा, ह्यांचा हात उठत न्हाई, ह्यांना वाटतं आत बघून उपयोग न्हाई. तुझं तोंड तुला परत मिळालं तर इकडं ये अन् माझ्या पोरीचाही फोड.

जायला पाहिजे. लवकर.

१९ मार्च

जायचंय. पण काहून जायचंय ते सकाळी आठवेना. पिशवीत छन्नी कशाला. डिसेंबरची पानं वाचली. घुगऱ्या, चुडा, दातावर दात— हे मी कोणाबद्दल लिहिलं होतं. अक्षर माझं हाये. माझी याडी अशी कुठं होती.

शालूबाईंनी हाताला धरून जीपमधी बसवलं. म्हणाल्या वाचत जा, वाटेत वाचत जा.

२० मार्च

भिया सेनगावला गेलेला. वहिनी रानात. भर दुपारी बांधावर गेलो. पुतळ्याच्या तोंडाकडं बघितलं तर हात चालेना, माझी याडीच उभी हाये अन् मी तिच्यावर छन्नी— पाठीमागून गेलो. फोडलं.

फोटो निघाला. कोरडा.

याडी न्हाई. मिस्तरीनं दुसऱ्याच कोणाचा घातला. कोण तरी तांड्यावरची बाई. हनुवटीवर गोंदण, गालापाशी काय काय लोंबतंय, दातावर दात. हसताना तोंड एका अंगाला गेलंय. मी लई वेळ बघितलं. काहीच वाटलं न्हाई. कुणाची तरी माय असंल. तिची लेकरं कुठं शोधत असतील.

माझ्या याडीचा फोटो मंग—

२० मार्च, तांडा

फोटो परत द्यावा म्हणून सेवा नाईककडं आलो. तांड्याचा म्हातारा नाईक, सगळी घरं त्याला ठाऊक. विचारलं, काका, ही बाई कोणाची. त्यानं फोटो डोळ्याशी नेला. मंग कपाळाला लावला. जिवन म्हणाला. जिवन, जिवन, अन् रडायला लागला. मी म्हटलं काका, तुमची नजर गेली, ही न्हाई ती.

मंग त्यानं विचारलं तू कोणाचा. पेमा म्हटलं. म्हणाला पेमाला मी ह्या हातावर खेळवलंय, तो लांब कामाला गेलाय, तू कोण. मी म्हटलं मीच. म्हणाला हस बरं.

हसलो.

म्हातारा उठला, फोटो घेऊन आत गेला, दार लावलं. आतून म्हणाला, तिचं पोरगं आलं की त्यालाच देईन.

दारासमोर बसून लिहून राहिलो. त्याला वाचून दाखवतो. माझी याडी गोल तोंडाची. अंगावर हिरवी नऊवारी. अंबाडा. मोठं कुंकू. हनुवटी साफ. दात सरळ. मी गावाहून आलो की ती चुलीपाशी बसायची, मी काही सांगितलं की हसायची, अन् हसली की तिचं तोंड